जावईबापूंचा खडखडाट

तिसरं पार्सल आलं तेव्हा शरयूनं दार उघडलं, सही केली आणि खोकं कानाशी धरून हलवून बघितलं. आत काहीतरी मूठभर खुळखुळलं.

"ह्यात काय आहे?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"बटणं," धवल म्हणाला.

"मग पहिल्यात काय होतं?"

"बटणं ज्याच्यात बसतात ते."

"आणि दुसऱ्यात?"

"बटणांवर बसतात त्या टोप्या."

शरयूनं पार्सल टेबलावर ठेवलं आणि ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "धवल, असा तुकड्यातुकड्यानं कीबोर्ड आणण्यापेक्षा जोडलेला मिळत नाही का रे बाजारात?"

"मिळतो. पण त्याला आवाज नसतो."

"कीबोर्डला आवाज कशाला हवा?"

धवलनं गॅलरीकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "सरांसाठी," तो म्हणाला.

सर म्हणजे शरयूचे वडील, विष्णुपंत आगाशे. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली तरी धवलच्या तोंडातून 'बाबा' काही निघत नसे, कारण ओळख झाली तीच 'सर' म्हणून. साताऱ्यात राजवाड्याच्या बाजूला एका स्टेशनरीच्या दुकानावर विष्णुपंतांचा टायपिंगचा क्लास होता. दहावीची परीक्षा देऊन झाली की साताऱ्यातली मुलं आपोआप तो लाकडी जिना चढत. धवलही चढला. पहिल्या आठवड्यात तो टायपिंगसाठी गेला आणि पुढं समोरच्या मशिनवर सरांची मुलगी बसायची म्हणून गेला. त्यामुळे त्याचा स्पीड कधीच चाळिसाच्या वर सरकला नाही; पण बाकी सगळं मनासारखं झालं.

धवलला त्या खोलीचं सगळं आठवायचं. रिबिनीच्या शाईचा वास, हिरव्या पडद्यातून येणारं ऊन, आणि एकदम सुरू होणारा तो आवाज. दहाबारा मशिनं एका वेळी बडवली जात. खालच्या रस्त्यावरच्या पानवाल्याला गिऱ्हाईक काय मागतंय ते ऐकू येत नसे. कागदाची ओळ संपत आली की कुठल्यातरी मशिनची घंटा टिंग करायची आणि त्या सगळ्या खटखटाटातून विष्णुपंत हातात लाकडी पट्टी घेऊन असे शांतपणे फिरायचे, जणू देवळात प्रदक्षिणा घालताहेत.

मग हातमशिनवरच्या परीक्षा बंद झाल्या. मशिनं काही दिवस गोणपाटाखाली झाकून होती. शेवटी रहिमतपूरचा एक भंगारवाला टेम्पो घेऊन आला. विष्णुपंतांनी स्वतः उभं राहून मशिनं उतरवून दिली, दोरीही बांधू लागले. त्यानंतर शरयूनं त्यांना सांगलीला आणलं. शरयूची आई आधीच गेली होती, साताऱ्यात त्यांच्याजवळ कुणी उरलं नव्हतं.

सांगलीत गावभागातल्या ह्या दुसऱ्या मजल्यावर आल्यापासून विष्णुपंत सकाळी चहा पिऊन गॅलरीतल्या खुर्चीत बसत ते दिवे लागेपर्यंत. काही विचारलं तर "हं" म्हणत. टीव्ही नको, पेपर नको. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "ह्यांना चालवा. शुगर वाढतेय. नाहीतर इंजेक्शनं सुरू करावी लागतील." चालायला चला म्हटलं की विष्णुपंत म्हणत, "उद्या."

धवल एका पुण्याच्या कंपनीचं काम घरून करत असे. कामाच्या मधल्या वेळात मोबाइलवर बघताना त्याला कळलं, की जगात अशी माणसं आहेत, जी स्वतःच्या हातानं कीबोर्ड जोडतात, त्याच्या एकेका बटणाला वंगण घालतात, त्याला पाहिजे तसा आवाज आणतात आणि तो आवाज दुसऱ्यांना ऐकवतात. त्यातल्या एकाचा कीबोर्ड ऐकताना धवल खुर्चीत ताठ बसला. त्याला हिरवा पडदा दिसला. आणि त्याच्या मनात आलं, की सर गप्प का झालेत हे आपल्याला आज समजलं. ज्याच्या कानात आयुष्यभर तो आवाज होता, त्या माणसाला इथं काय ऐकू येतं? मिक्सर आणि कबुतरं.

हे त्यानं शरयूला सांगितलं, तेव्हा तिनं गॅलरीतल्या खुर्चीकडं बघितलं. मग म्हणाली, "कर. पण जेवायच्या टेबलावर पसारा नको."

पसारा जेवायच्या टेबलावरच झाला. रविवारी सकाळी धवलनं वर्तमानपत्र पसरलं आणि भाग मांडले. खाली सर्किटची पट्टी, तिच्यावर भोकाभोकांचा पत्रा, त्या भोकांत बसवायची निळी बटणं. एका वाटीत टोप्या, दुसऱ्या वाटीत वंगण, शेजारी बारीक ब्रश आणि चिमटा. घरकामाला येणाऱ्या मनुबाई केर काढता काढता थांबल्या.

"दादा, ह्या निळ्या लवंगा कसल्या वं?"

"लवंगा नाहीत मनुबाई. कीबोर्डची बटणं आहेत."

"आन् तेल लावून काय करताय?"

"करकरू नयेत म्हणून."

"म्हंजे आवाज नगं म्हून व्हय?"

"नाही, आवाज हवा. पण करकर नको. खटखट पाहिजे."

मनुबाईंनी शरयूकडे बघितलं. शरयूनं मान फिरवली. मनुबाई केर भरायला गेल्या.

संध्याकाळी कीबोर्ड जोडून झाला. विष्णुपंत गॅलरीत बसले होते. धवल मुद्दाम गॅलरीच्या दाराशी लॅपटॉप घेऊन बसला, त्यांच्याकडे पाठ करून, जणू सहजच. आणि त्यानं क्लासातला पहिल्या दिवशीचा धडा सुरू केला. ए, एस, डी, एफ, जी. टिक टिक टिक टिक टिक.

मागं खुर्ची करकरली. विष्णुपंत उठले. धवलच्या पाठीमागं येऊन क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी कोपऱ्यातली काठी घेतली, चपला घातल्या आणि ते दार उघडून जिना उतरून गेले.

शरयू स्वयंपाकघरातून बाहेर आली. "बाबा कुठं गेले?"

"खाली."

"आपणहून?"

दोघंही गॅलरीत धावले. खाली फाटकाशी विष्णुपंत काठीवर हात ठेवून उभे होते आणि रस्त्याकडं बघत होते.

"भरून आलं असणार त्यांना," धवल हळूच म्हणाला.

शरयूनं पदरानं डोळे टिपले.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. धवल टायपिंगला बसला आणि विष्णुपंत काठी घेऊन खाली उतरले. जे काम डॉक्टरांना, शरयूला आणि तीन तऱ्हेच्या गोळ्यांना जमलं नव्हतं, ते ए-एस-डी-एफ-जीनं केलं होतं. पण धवलचं समाधान होईना. विष्णुपंत जेमतेम फाटकापर्यंत जात होते. त्याला वाटलं, आपलंच काहीतरी कमी पडतंय. कान देऊन ऐकल्यावर त्याला चूक सापडली. हा आवाज 'टिक' होता. क्लासचा आवाज 'खट्' होता.

मग त्यानं कीबोर्ड उघडला. आतला फोम काढून टाकला, ॲल्युमिनियमचा पत्रा काढून पितळी बसवला. आवाज भरला. त्या संध्याकाळी विष्णुपंत फाटकातून बाहेर पडले ते थेट गणपतीच्या देवळापर्यंत जाऊन आले.

"बघितलंस?" धवल शरयूला म्हणाला. "आवाज जितका खरा, तितके ते लांब जातात. आठवणी असतात गं माणसाच्या. एका जागी बसवत नाही."

"मग आणखी खरा कर," शरयू म्हणाली.

तो आणखी खरा करायचा तर खालचं खोकं बदलायला हवं होतं. प्लास्टिकच्या खोक्यात आवाज घुमत नाही. घुमण्यासाठी लाकूड हवं, आणि आतून पोकळ हवं. असं लाकूड ज्यांना कळतं ती माणसं सांगलीपासून हाकेच्या अंतरावर, मिरजेत आहेत. धवल सतारी-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत गेला आणि एका दुकानात त्यानं आपला पितळी पत्रा दाखवला. दुकानदार चष्मा कपाळावर सरकवून तो उलटासुलटा बघत राहिले.

"ह्याला तारा कुठं बसवायच्या?"

"तारा नाहीत. बोटांनी वाजतं. कीबोर्ड आहे."

"मग कीबोर्ड म्हणा की. आमच्या शेजाऱ्याच्या पोराकडं हाय. पाय पन हायत त्याला. पन त्याच्या पट्ट्या लांब असत्यात."

"तो नाही. हा लिहायचा कीबोर्ड."

"लिहायच्या कीबोर्डला घुमारा कशाला पायजे?"

धवलनं सगळं सांगितलं. सर, क्लास, भंगारवाला, गॅलरी. दुकानदारांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "कुठल्या पट्टीत पायजे?"

"साताऱ्याच्या," धवल म्हणाला.

अशा तऱ्हेनं साताऱ्याचा आवाज सतारीच्या गल्लीत मिळाला. तंबोऱ्याच्या लाकडाचं, पोटात पोकळी असलेलं, कडेला हस्तिदंती रंगाच्या पट्टीची नक्षी असलेलं एक देखणं खोकं तयार झालं. नक्षी धवलनं मागितली नव्हती. दुकानदार म्हणाले, "आमच्याकडनं बोडकं काय जात न्हाई." त्यावर धवलनं स्वतःच्या अकलेनं एक भर घातली. एंटरच्या बटणाखाली एक तार, तारेच्या टोकाला छोटा हातोडा आणि त्याच्यासमोर सायकलच्या घंटेची वाटी. एंटर दाबलं की टिंग.

तो कीबोर्ड पहिल्यांदा वाजला तेव्हा गॅलरीतली कबुतरं उडाली. विष्णुपंतांनी काठीसुद्धा घेतली नाही, अर्ध्या जिन्यावरून परत येऊन घेतली. त्या दिवशी ते आयर्विन पुलापर्यंत चालत गेले आणि अंधार पडता पडता परतले. पंधरवड्यानं रक्त तपासलं तेव्हा डॉक्टरांनी कागद दोनदा बघितला. "काय करताय ते चालू ठेवा," ते म्हणाले. "शक्य असेल तर थोडं वाढवा."

धवलनं दिवसभराचं कामही त्याच कीबोर्डवर सुरू केलं. पुण्याहून त्याच्या साहेबांनी मीटिंगच्या मधेच विचारलं, "सोमण, घरी बांधकाम काढलंय का?" पण सरांपुढं साहेबांची काय कथा.

ज्या आवाजानं विष्णुपंत पुलापर्यंत जात होते, तो इतरांपर्यंत पोहोचणार हे उघड होतं. तो जिन्यातून खाली उतरला, पाइपांतून वर चढला. खालच्या मजल्यावर दिग्विजय माने राहत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी आधी वर बघितलं, मग पंखा तपासला, मग पंखा तपासणाऱ्याला बोलावलं. शेवटी त्यांनी मनुबाईंना विचारलं, कारण मनुबाई त्यांच्याकडंही भांडी घासत.

"त्ये व्हय," मनुबाई म्हणाल्या. "सोमणदादांकडं टायपिंगचा क्लास निघालाय. वैनींचं वडील सातारचं लय मोठं सर हायत न्हवं का."

मनुबाईंनी हे एकट्या दिग्विजयरावांना सांगितलं नाही. चार घरी सांगितलं, आणि आष्ट्याला आपल्या बहिणीलाही फोन करून सांगितलं. दोन दिवसांनी त्या धवलसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"दादा, माज्या भाचीला क्लासात घ्या की. शिवांजली तिचं नाव. कोर्टाची भरती निघालीया, टायपिंग पायजे म्हंत्यात."

"मनुबाई, अहो, इथं क्लास नाही."

"मग ह्ये रोज काय वाजतंय?"

"ते सरांसाठी आहे," धवल म्हणाला.

"तेच म्हंते मी. सर हायत, मशिन हाय, पोरगी हाय. आनखी काय लागतंय क्लासाला?"

धवल 'नाही' म्हणायला तोंड उघडणार एवढ्यात त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. आवाज आणला, घंटा आणली, पण क्लासातली मुलं कुठं आणली? सरांसमोर पुन्हा विद्यार्थी बसले तर? त्यानं मनुबाईंना रविवारी भाचीला घेऊन यायला सांगितलं. शरयूलाही ते पटलं. उरलेल्या भागांतून त्यानं दुसरा कीबोर्ड जोडला, जुना लॅपटॉप काढला, टेबल भिंतीला लावलं. विष्णुपंतांना काही कळू द्यायचं नाही असं ठरलं. ते पुलावरून येतील तेव्हा समोर क्लास चालू असेल. शरयूनं साताऱ्याहून कंदी पेढेसुद्धा मागवले.

त्याच शनिवारी सोसायटीच्या ग्रुपवर दिग्विजयरावांची सूचना आली: राहत्या जागेत विनापरवाना वर्ग चालवणाऱ्या सभासदांनी नियम वाचावेत, सेक्रेटरी समक्ष भेटीस येतील. खाली तीन जणांनी अंगठे दाखवले. आणखी एकानं फीची चौकशी केली.

रविवारी संध्याकाळी विष्णुपंत नेहमीप्रमाणे निघून गेले. शिवांजली आली. सोबत एक मैत्रीण होती. दोघी वह्या, पेनं, पाण्याच्या बाटल्या घेऊन आल्या होत्या आणि ओट्याशी उभ्या राहिलेल्या मावशीकडं पुनःपुन्हा बघत होत्या. धवलनं त्यांना पहिला धडा दाखवला. शिवांजलीचा हात शेतीकामाचा होता. तिनं 'ए' दाबला तो खालच्या मजल्यावर पोहोचला.

दिग्विजयराव वर आले ते हातात नियमांचं पुस्तक घेऊनच.

"सोमणसाहेब, ह्ये बरं नव्हं," ते दारातूनच म्हणाले. "आमच्या घरात कपाटातल्या कपबश्या नाचतात."

"काय?" धवलनं विचारलं, कारण त्याला ऐकू आलं नव्हतं.

"कपबश्या!"

"बसा की. पेढा घ्या."

"पेढा नको. मला सांगा, परवानगी—"

टिंग.

"—परवानगी कुणाची घेतली?"

"आवं सायेब, पोरीला शिकू द्या की वाईच," मनुबाई ओट्यापाशी उभं राहून म्हणाल्या. "तिला नोकरी लागली तर तुमचं काय जातंय?"

"मनुबाई, तुमी मधी बोलू नका. नियम म्हंजे नियम. पान बावीस—"

टिंग, टिंग. मैत्रिणीला एंटर फार आवडलं होतं. शरयू तिला समजावत होती की ओळ भरल्याशिवाय ते दाबायचं नाही. धवल दिग्विजयरावांना कीबोर्डचं लाकूड तंबोऱ्याचं आहे हे सांगत होता. दिग्विजयराव पान बावीस मोठ्यानं वाचत होते. मनुबाई त्यांच्याहून मोठ्यानं बोलत होत्या. आणि ह्या सगळ्याखालून शिवांजलीचं ए-एस-डी-एफ-जी खोदकामासारखं चाललं होतं.

ह्यात दार उघडलं ते कुणालाच कळलं नाही. पुलावर रस्ता फोडायचं यंत्र आलं होतं, म्हणून विष्णुपंत अर्ध्या वाटेवरून परतले होते. दारात उभं राहून त्यांनी सगळं बघितलं. मग चौकटीवर काठी एकदा आपटली आणि म्हणाले,

"स्टॉप."

आवाज मोठा नव्हता. पण चाळीस वर्षं एकाच शब्दावर हात बसलेला होता. शिवांजलीची बोटं हवेत राहिली. मैत्रिणीनं हात मांडीवर ठेवले. मनुबाईंनी तोंड मिटलं. धवल तर दहावीतल्यासारखा पाठ ताठ करून उभा राहिला. दिग्विजयरावसुद्धा 'सभासदां' पर्यंत येऊन थांबले, 'नी' त्यांनी गिळला. तरुणपणी तासगावच्या क्लासात स्टॉप म्हटल्यावर ज्याचं बोट उचललं जात नसे त्याला पट्टी बसत असे, हे त्यांनी नंतर सांगितलं.

घरात कुणी हललं नाही. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. खालून नदीकडच्या वाटेनं कुणीतरी सायकल ढकलत चाललं होतं, तिच्या चेनचा आवाजही आला.

विष्णुपंत डोळे मिटून उभे होते. मग सावकाश आत आले, खुर्चीत बसले.

"हं," ते म्हणाले. पण हा 'हं' नेहमीचा नव्हता.

धवलला राहवलं नाही. तो जवळ जाऊन हळूच म्हणाला, "सर, आवाज जमलाय का? क्लाससारखा?"

"अगदी तसाच," विष्णुपंत म्हणाले.

धवलचा चेहरा उजळला.

"म्हणून तर रोज बाहेर जातो."

धवलला आधी काही समजलं नाही. शरयूला समजलं. ती वडिलांच्या पायाशी खाली बसली. "बाबा, आम्हाला वाटलं तुम्हाला भरून येतंय."

"येत होतं ना. डोकं भरून येत होतं." विष्णुपंतांनी कपाळ चोळलं. "अगं, उभा जन्म त्या खडखडाटात काढला. कानात कापसाचे बोळे घालून उभा राहायचो क्लासात. तुझ्या आईला ठाऊक होतं. घरी आलो की ती भांडंसुद्धा आपटायची नाही."

"मग बोलला का नाहीत?" धवलनं विचारलं. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

विष्णुपंत जरा घुटमळले. मग जमिनीकडं बघत म्हणाले, "धवलराव, तुमचंच घर. मी आपला गॅलरी अडवून बसलेला. तुम्ही रोज माझ्या पाठीशी येऊन बसायला लागलात. मी उठून गेलो की दुसऱ्या दिवशी आवाज वाढलेला असायचा. मग घंटा आली. मला वाटलं, म्हाताऱ्यानं जरा बाहेर पडावं असं जावयाच्या मनात असेल. स्पष्ट बोलायला जड जात असेल. चांगल्या घरचा मुलगा आहे."

धवल उभा होता तिथंच खुर्ची ओढून बसला. मिरजेच्या फेऱ्या, पितळी पत्रा, वंगणाचा ब्रश, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. "सर," तो म्हणाला, "मी हे तुमच्यासाठी केलं. मशिनं गेली आणि तुम्ही गप्प झालात म्हणून."

"माझ्यासाठी?"

विष्णुपंतांनी हात लांब करून तो कीबोर्ड ओढून घेतला. नक्षीवरून अंगठा फिरवला. एंटरखालची तार वाकून बघितली. दिग्विजयरावांनी पुस्तक मिटून काखेत धरलं होतं.

"मशिनांचं मला काही वाटलं नाही," शेवटी विष्णुपंत म्हणाले. "ती जायचीच होती. पण रोज तास संपला की मी स्टॉप म्हणायचो, आणि सगळी मशिनं एकदम थांबायची. मुलं कागद काढायची नाहीत लगेच. बोटं दुखत असायची ना, तशीच बसून राहायची. त्या वेळी खोली अशी काही व्हायची... मी खिडकीपाशी जाऊन उभा राहायचो. ते मला फार आवडायचं. इथं तुमच्याकडं सगळा दिवसच शांत. पण ती शांतता तशी नाही." मग ते जरा हसले. "आत्ता तुम्ही सगळे थांबलात, तेव्हा तसं झालं."

दिग्विजयरावांनी खाकरून विचारलं, "पेढा कुठला म्हणालात?"

त्या रात्री धवलनं कीबोर्ड उघडला, निळी बटणं उपटली आणि ज्यांना मुळीच आवाज नाही अशी बटणं मागवली; ती आल्यावर बसवली. घंटेची वाटी काढून ठेवली. विष्णुपंतांनी शिवांजलीला सकाळी शिकवायचं कबूल केलं, आवाज न करणाऱ्या कीबोर्डवर. "मनगट वर," ते सांगत, "कुदळ नाही ती." ती एकदा हसली की तिच्याबरोबर तेही हसत. जेवताना बोलत. मनुबाईंना आष्ट्याच्या पावसापाण्याचं विचारत. घर कसं बदलून गेलं.

एवढं झाल्यावर महिन्यानं डॉक्टरांनी रक्ताचा कागद बघितला आणि तो टेबलावर पालथा ठेवला.

"फिरणं बंद केलंत का?"

बंद झालं होतं. घरात चैन पडायला लागल्यावर विष्णुपंतांना बाहेर जायचं काही कारणच उरलं नव्हतं. सकाळी शिकवायचं, दुपारी गॅलरीत बसून शिवांजलीची पानं तपासायची, आणि संध्याकाळी चला म्हटलं तर "उद्या."

घरी आल्यावर शरयूचं लक्ष कोपऱ्यातल्या काठीकडं गेलं. मग धवलला म्हणाली, "ती निळी बटणं फेकलीस का रे?"

आता रोज संध्याकाळी शरयू चहाचा कप नवऱ्यापुढं ठेवते आणि म्हणते, "बस टायपिंगला. बाबांची फिरायला जायची वेळ झाली." निळी बटणं आणि घंटा पुन्हा बसवलेला मिरजेचा कीबोर्ड धवल काढतो. पहिलं खट् वाजलं की विष्णुपंत गॅलरीतून उठतात, "लागले जावईबापू," एवढंच म्हणतात आणि काठी घेतात. खालून दिग्विजयरावही चपला घालून बाहेर पडतात. गुडघ्यांसाठी त्यांनाही चालायला सांगितलेलं आहे. शिवाय त्यांना घरात बसवतच नाही. ते परत येईपर्यंत धवलनं थांबायचं नाही, असं सोसायटीच्या सेक्रेटरींनीच ठरवून दिलं आहे.

दोघं पुलापर्यंत जाऊन येतात. परत आल्यावर लगेच बेल वाजवत नाहीत, हे धवलला मनुबाईंकडून कळलं. "आवं, दोगं भाईर जिन्यात हुबं असत्यात," त्या म्हणाल्या. "सेकरेटरी कायतरी बोलाया लागलं की सर हात करत्यात, गप म्हून."

ते कळल्यापासून धवल जरा अंदाज घेतो. जिन्यात काठीची चाहूल लागली की चालू ओळ नीट पुरी करतो, एंटर दाबतो आणि दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवतो. घंटेचा नाद विरत जातो. शरयूसुद्धा हातातलं भांडं अलगद खाली ठेवते. दारापलीकडं कुणी बोलत नाही, अलीकडंही नाही. बेल वाजायला चांगला वेळ लागतो.